काकांची नदी

काका-काकूंच्या लग्नाला पन्नास वर्षं झाली म्हणून मी गुलाबांचा गुच्छ घेऊन गेलो. मोजून बारा गुलाब. डझनभर फुलं नेली की माणूस उदार वाटतो, अशी माझी समजूत होती. काकांनी दार उघडलं, गुच्छाकडे पाहिलं, ओठ हलवत फुलं मोजली आणि विचारलं, "कोण गेलं?"

मी मागे वळून पाहिलं. मागे फक्त माझी बायको मेधा श्रीखंडाचा डबा घेऊन उभी होती.

"सम आकड्यात फुलं मेलेल्या माणसाला वाहतात," काका म्हणाले. त्यांनी एक गुलाब उपसून मेधाच्या हातात दिला. "आता अकरा झाले. आता आम्ही जिवंत. या." मी अभिनंदनासाठी हात पुढे केला, तर तो धरून त्यांनी मला आधी घरात ओढलं आणि मग हस्तांदोलन केलं. उंबरठ्यावरून हात मिळवला की भांडण होतं म्हणे. दोन मिनिटांत माझ्या दोन चुका झाल्या होत्या आणि मी अजून बूटही काढले नव्हते.

हे सगळं कुठल्या पंचांगात लिहिलंय, असं तुम्हाला वाटेल. कुठल्याच नाही. हे रशियातलं आहे.

वसंतराव चिटणीस, म्हणजे आमचे चिटणीसकाका, इथे परदेशात, बेलव्ह्यूत, आमच्याच रस्त्यावर मुलाकडे राहतात. नाशिकजवळच्या विमानांच्या कारखान्यात त्यांनी आयुष्य काढलं. चाळीसेक वर्षांपूर्वी कारखान्याने त्यांना इंजिनांचं शिक्षण घ्यायला अकरा महिने तेव्हाच्या सोव्हिएत देशात पाठवलं. काकांचं वय आज चौऱ्याहत्तर. त्यातली त्र्याहत्तर वर्षं आणि एक महिना त्यांनी इतरत्र काढला. उरलेले अकरा महिने ते अजून काढतायत.

चहा ते काचेच्या ग्लासातून पितात, चमचाभर जॅम तोंडात धरून. घरात कुणी शीळ घातली तर त्यांच्या कपाळावर आठी उमटते. आणि कशावरही त्यांचा एकच शेरा: "निचिवो." म्हणजे काही नाही, चालायचंच. विमान पाच तास उशिरा, निचिवो. सुनेची नोकरी गेली, निचिवो. तिला दुसरी चांगली मिळाली, तरी निचिवो.

सगळ्यात कडक नियम बसण्याचा. घरातून प्रवासाला निघायचं तर आधी सगळ्यांनी जोडे घालून, सामान पायाशी ठेवून, अर्धा मिनिट गप्प बसायचं. मग यजमानाने मांडीवर थाप मारायची आणि उठायचं. ही रशियन पद्धत. पण रशियन लोक लांबच्या प्रवासाआधी बसतात, काका वाणसामान आणायला जातानाही बसतात. गाडीत बसलेलं चालत नाही. नातू आर्यन दप्तर लावून सोफ्याच्या कडेवर टेकतो आणि "आजोबा, द बस इज हिअर," म्हणतो. आजोबा डोळे मिटलेलेच.

पूर्वी ते अपार्टमेंटमध्ये राहायचे तेव्हा एकदा फायर अलार्म वाजला. सगळी इमारत खाली पावसात उभी. चिटणीस मंडळी काही उतरेनात. शेवटी अग्निशामक दलाचा सहा फुटी गडी वर गेला, तर चौघंजण बूट घालून ओळीने सोफ्यावर बसलेले. काकांनी त्यालाही खुर्ची दाखवली. तो बसला की नाही याबद्दल दोन मतं आहेत. काकांचं म्हणणं, बसला.

तर असे काका. आणि त्यांची पत्रं.

रशियातून त्यांनी काकूंना एकोणचाळीस पत्रं लिहिली. काकूंनी ती सगळी जपून इथवर आणली. आता काकूंना अक्षर दिसत नाही, त्यामुळे रोज चार वाजता, चहा झाला की काका एक पत्र वाचून दाखवतात. एकोणचाळीस संपली की पुन्हा पहिलं. आर्यन मधून जाता जाता विचारतो, "इज इट द रिव्हर वन अगेन?"

कारण पत्रांत नदी फार. होस्टेलच्या खिडकीतून दिसणारी नदी. तिच्यावरचा दगडी पूल, पुलावरचे लोखंडी सिंह, थंडीत गोठलेल्या पाण्यावर भोकं पाडून मासे धरणारे म्हातारे, वसंतात बर्फ फुटताना होणारा आवाज.

यंदा आमच्या मंडळाच्या गणपतीच्या स्मरणिकेचं संपादन माझ्याकडे आलं. बाकी सगळे त्या मीटिंगला नव्हते, एवढंच माझं कर्तृत्व. मी काकांकडे पत्रं मागितली. ते इतके खूश झाले की मला त्या दिवसापासून "संपादक" म्हणू लागले. चार पत्रं छापायची ठरली. काकू म्हणाल्या, "नदीची घे."

मी टाइप करायला बसलो. पत्रं खरंच सुरेख होती. मला माझे दिवस आठवले. लग्नानंतर चार महिन्यांत मी एकटाच न्यू जर्सीला आलो होतो, मेधाला व्हिसा मिळायला वर्ष लागलं. फोनवर रोज काय सांगायचं, हा प्रश्न मला ठाऊक आहे.

पण मी पडलो सॉफ्टवेअरचा टेस्टर. दुसऱ्याच्या कामातली चूक शोधण्यावर माझं घर चालतं. ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत म्हटलं, स्मरणिकेसाठी त्या पुलाचा फोटो मिळतोय का पाहू. गावाचं नाव पत्रांवर होतं. ते इथं देत नाही, नाहीतर तुम्हीही नकाशा उघडाल. मी उघडला. गाव सापडलं. कारखाना, रेल्वेचे रूळ, चौकोनी इमारती. नदी नाही. मी नकाशा मोठा केला, लहान केला, वरून पाहिला, तिरका पाहिला. सर्वांत जवळचं पाणी सत्तर मैलांवर.

शहाण्या माणसाने लॅपटॉप मिटला असता. मी त्याच दिवशी, बरोबर चार वाजता, चहाला हजर झालो आणि काकूंच्या देखत म्हणालो, "काका, एक छोटीशी शंका होती. त्या नदीचं नाव काय हो?"

काकांचा ग्लास बशीवर टेकला. ते उठले. "संपादक, चल, जरा फिरून येऊ." कोट घातला, दार उघडलं आणि बाहेर पडले. मी त्यांच्या मागे धावलो. कोपऱ्यापर्यंत गेल्यावर माझ्या लक्षात आलं, काका निघण्याआधी बसले नव्हते.

पार्कातल्या ओल्या बाकावर मात्र ते बसले, आणि बराच वेळ बसले.

मग त्यांनी सांगितलं. होस्टेल, बस, कारखाना, कॅन्टीन, बस, होस्टेल. परवानगीशिवाय त्या वाटेबाहेर पाऊल टाकायचं नाही. पत्रं उघडून वाचली जायची, म्हणून कारखान्याबद्दल लिहायचं नाही. बाहेरचं पाहायचं नाही आणि आतलं लिहायचं नाही, तर माणसाने बायकोला लिहावं काय? इकडे काकू नाशिकरोडच्या दोन खोल्यांत सासू-सासरे, दीर आणि दोन वर्षांचं पोर सांभाळत होत्या. निघताना त्या एवढंच म्हणाल्या होत्या, "मला काही आणू नका. जे बघाल ते लिहा."

होस्टेलच्या मजल्यावर किल्ल्या सांभाळणारी एक बाई होती. काका तिला नीनामावशी म्हणायचे. तिच्या टेबलामागे भिंतीवर कॅलेंडर होतं, दर महिन्याला त्या देशातल्या एका शहराचं चित्र. जानेवारीत नदी आणि पूल. फेब्रुवारीत घुमट. संध्याकाळी काका तिच्यासमोर स्टुलावर बसायचे आणि ती सोप्या शब्दांनी आणि खुणांनी त्या चित्रातलं सांगायची. बर्फ कसा फुटतो, मासे कसे धरतात. फुलं विषम का, निघताना बसायचं का, हेही तिनेच सांगितलं.

"तिने ती शहरं पाहिली होती?" मी विचारलं.

"कुठली? ती त्या गावात जन्मली, तिथेच राहिली. तीही चित्रातच बघायची," काका म्हणाले. "दोघं मिळून फिरायचो. फेब्रुवारीत तिने पान उलटलं आणि नदी गेली म्हणून मला वाईट वाटलं, तर तिने जानेवारीचं पान फाडून मला दिलं. म्हणून आपली नदी वर्षभर आहे."

काका उठले, कोटावरचं पाणी झटकलं. "ते छापू नकोस. कुणीतरी तुझ्यासारखा नकाशा काढेल आणि हिच्या कानावर जाईल. चाळीस वर्षं ती त्या खिडकीपाशी उभी आहे रे. या वयात तिला तिथून उठवू नकोस."

दुसऱ्या दिवशी मी पत्रं परत करायला गेलो. काका आर्यनला बसवरून आणायला गेले होते. काकू एकट्याच खिडकीशी होत्या. मी पाकीट त्यांच्या हातात दिलं आणि जागा कमी पडली वगैरे काहीतरी पुटपुटलो.

काकूंनी पाकीट चाचपलं. "काल हे बसले नाहीत," त्या म्हणाल्या. "तेव्हाच कळलं मला, तू नदीपाशी पोचलास."

मी त्यांच्यासमोर खुर्ची ओढून टेकलो.

"ह्यांच्याबरोबर गेलेला एकजण आजारी पडून लवकर परत आला होता. त्याच्या बायकोने सांगितलं, भिंतींशिवाय काही बघितलं नाही कुणी. मी दोन दिवस चिडून होते. तिसऱ्या दिवशी पत्र आलं. सासूबाई गुडघे धरून बसल्या होत्या. जन्मात त्र्यंबकच्या पलीकडे गेल्या नव्हत्या. मला म्हणाल्या, वाच गं, नदी गोठली का. शेजारच्या दोघी पोळ्या टाकून आल्या होत्या." काकू थोडं हसल्या. "खोलीत कोंडलेल्या माणसाने माझ्यासाठी एवढी नदी आणली. ती मी बुजवू होय?"

"त्यांना माहीत नाही, तुम्हाला माहीत आहे ते?"

"आणि कळायलाही नको. रोज चारला वाचताना आवाज कसा लागतो त्यांचा, ऐकलायस ना?" त्यांनी पाकीट परत माझ्या हातात दिलं. "छाप तू. पुलासकट. सिंह विसरू नकोस. आणि त्यांनी काही विचारलं, तर तुझं तू बघ. निचिवो."

तेवढ्यात दार वाजलं. आर्यन दप्तर फेकून वर पळाला. काकांनी माझ्या हातातलं पाकीट पाहिलं आणि त्यांचा चेहरा उतरला.

"काका, माझीच चूक झाली," मी म्हणालो. "त्या नावाची दोन गावं आहेत. मी भलत्याच गावात नदी शोधत होतो."

टेस्टर म्हणून एवढा उघड दोष मी आयुष्यात पास केला नसेल. काकांनी माझ्याकडे पाहिलं, काकूंकडे पाहिलं. काकू खिडकीबाहेर बघत होत्या, म्हणजे बघितल्यासारखं करत होत्या.

"होतं असं," काका म्हणाले. "निचिवो."

मी निघालो, तर त्यांनी दंड धरून मला खुर्चीत बसवलं. चार घरं पलीकडे जायचं होतं. आम्ही तिघं अर्धा मिनिट गप्प बसलो. मग काकांनी मांडीवर थाप मारली.

घरी आलो तर मेधा भेंडी चिरत होती. तिला मी सगळं सांगितलं. काकूंनी चाळीस वर्षं एका शब्दाने विचारलं नाही, हे मी दोनदा सांगितलं. आपल्याला जमलं असतं का, असंही म्हणालो.

मेधाने भेंडीचं देठ बाजूला केलं.

"न्यू जर्सीतल्या तुझ्या त्या पहिल्या फ्लॅटच्या खिडकीतून तळं दिसायचं ना?" ती म्हणाली. "बदकं होती म्हणालास. मी आले तेव्हा खिडकीखाली कचऱ्याचे डबे होते. विचारलं का मी कधी, तळं कुठाय म्हणून?"