टाचेखालचे कंद

नरकचतुर्दशीच्या पहाटे मी भगवंतराव पेशकारांचे कंद टाचेखाली फोडले. एखादा नव्हे, आलेले सगळे.

भगवंतराव म्हणजे जालन्याच्या मस्तगडातले आमचे शेजारी. तहसिलीतली पेशकारी संपली, तरी कचेरी त्यांच्या अंगातून उतरली नव्हती. रोज सकाळी काळी टोपी घालून ते परसात उभे राहत आणि झाडांची हजेरी घेत. "शेवंती? हाजिर. गुलबाक्षी? हाजिर. झेंडू, तुम्ही सरळ उभे राहा, ही चावडी न्हाई!" एखादं पान वाळलेलं दिसलं की त्याचा जबाब सुरू: "काल तर बराबर होता तुम्ही!" पावसाळा सरला की बंगळूरच्या एका बागवाल्याचा रंगीत कॅटलॉग घेऊन ओट्यावर बसत, आणि ज्या फुलाचं नाव अख्ख्या जालन्यात कुणी ऐकलं नसेल नेमकं तेच मागवत. गुलाब सुचवला तर म्हणत, "गुलाब कुणीबी ओळखतंय. काय कामाचा?"

या 'काय कामाचा'ची नक्कल करून मी गल्लीभर हशा मिळवत असे.

त्या वर्षी दिवाळीच्या तोंडावर त्यांना टेंभुर्णीला मेव्हण्याकडं जावं लागलं. मला बाजूला घेऊन म्हणाले, "माधवा, पार्सल तुझ्या घरी येईल. उघडून कंद हवेशीर ठेव, न्हाईतर सडतेत. माझ्या घरी बिलकुल देऊ नको."

"काकूंकडे का नको?"

"आधीच नजरेला पडलं तर मंग नवल काय राह्यलं?" त्यांनी आवाज उतरवला. "मागच्या साली ते जांभळं फूल आल्तं. तवा त्या परसात आल्या अन् म्हणल्या, 'हे काय म्हणायचं?' मला म्हणल्या. सालभरात तेवढंच."

काका-काकूंचा अबोला गल्लीला पाठ होता. चहा हवा असला की काका झेंडूला सांगत, साखर संपली की काकू पाट्या-वरवंट्याला. कारण विचारलं तर काका म्हणत, "मिसल जुनी हाय, दप्तरात सापडून न्हाई राह्यली." पण एका वाक्यासाठी बंगळूरहून कंद? मी ओठ चावून हसू दाबलं आणि मान डोलावली.

पार्सल धनत्रयोदशीला आलं. भुशात निजवलेले लिंबाएवढे तपकिरी कंद. मी ते न्हाणीजवळच्या कोनाड्यात ठेवले. अभ्यंगस्नानानंतर पायाखाली फोडायची कडू कारिटं आणायला बायकोनं बजावलं होतं. तीही आणून ठेवली. कुठं, ते मात्र विसरलो.

पहाटे डोळ्यांत उटणं गेलेलं, पणती विझलेली. कोनाड्यात हात घातला, गोल लागलं ते डाव्या टाचेखाली घेतलं आणि "गोविंदा!" म्हणून फोडलं. रस जिभेला लावला. नरकासुर मेला. मग घरातल्या एकेकाच्या टाचेखाली मीच पंगतीत वाढल्यासारखा वाढत गेलो. "यंदाची कारिटं मेली कडू न्हाईत, चुणचुणतात," आई म्हणाली. उजाडलं तेव्हा हिरवीगार कारिटं पलीकडच्या कोनाड्यातून माझ्याकडं बघत होती.

दुपारी काका परतले. मी चिरडलेले कंद पंच्यात बांधून त्यांच्या परसात गेलो. जीभ सुजलेली, त्यामुळं कबुलीसुद्धा धड बाहेर पडेना. काकांनी आल्या आल्या आळी करून ठेवली होती. माती चाळून मैद्यासारखी केलेली. मी त्यांच्यापुढं पंचा उघडला. मला वाटलं, आता फर्मान सुटेल. त्यांनी टोपी काढली, उकिडवे बसले आणि एकेका आळ्यात माती परत लोटू लागले.

"सण होता. व्हायचंच," ते म्हणाले. मग मातीकडंच बघत, "आता सालभर कशाला बोलतेत त्या."

या माणसाची मी नक्कल करत होतो! त्या आळ्यांत मावलो असतो, तर तिथंच आडवा झालो असतो.

मागच्या दारात काकू उभ्या होत्या. कधीपासून, कोण जाणे. हातातलं फराळाचं ताट पायरीवर ठेवून त्या खाली उतरल्या. पंच्यातला लगदा पाहिला, बुजवलेली आळी पाहिली आणि थेट काकांकडं तोंड करून म्हणाल्या,

"अहो, ह्याच्याकडं पुन्हा काही ठेवायला देत जाऊ नका. कंद कोणता अन् कारीट कोणतं, एवढंबी ह्या गाढवाला कळंना!"