काकांच्या नावावर काकूंचा श्वास

महिनाभर काकांचा खोकला थांबेना, तेव्हा काकूंनी त्यांना छातीच्या दवाखान्यात अक्षरशः ओढत आणलं. काका फुटबॉलचे रेफरी. रविवारी अंतिम सामना होता आणि त्यानंतर वयामुळे निवृत्ती. "एवढा सामना होऊ दे, मग काय तपासायचं ते तपास," असं ते रस्ताभर म्हणत होते. काकू दाद देत नव्हत्या. त्या स्वतःही हल्ली खोकायच्या, पण त्याचं खापर काकांवर फोडून मोकळ्या झाल्या होत्या.

तपासणीच्या खोलीतल्या मुलीनं काकांच्या हातात नळी दिली. "श्वासनळीला आतून सूज असली की श्वासात एक वायू वाढतो. हे यंत्र तो मोजतं. हळू, एकसारखं फुंकायचं. पडद्यावरचा ढग या दोन रेघांच्या मधेच राहिला पाहिजे."

काकांनी छाती भरून घेतली आणि फुंकलं. ढग पडद्याबाहेर गेला, यंत्र किंचाळलं.

"हळू, काका."

पुन्हा तेच. तिसऱ्या खेपेला बाहेरच्या रांगेतलं कुणीतरी डोकावून गेलं.

"अहो, पेनल्टी द्यायची नाहीये," काकू म्हणाल्या.

"हळू फुंकून सवय नाही मला. मैदानावर कोण ऐकेल?"

तेवढ्यात मुलीला कुणीतरी हाक मारली. ती बाहेर जाताच काकूंनी नवी नळी लावली. "बघा इकडे. गरम दुधावर फुंकर घालतो ना, तशी." ढग शहाण्यासारखा रेघांमधे तरंगला, यंत्र गोड वाजलं आणि त्यातून कागदही बाहेर आला.

मुलगी परतली. "जमलं की, काका." तिनं कागद फायलीत लावला. काका काही बोलणार, तोच काकूंनी त्यांचा पाय दाबला. "गप बसा. नाहीतर संध्याकाळपर्यंत फुंकत बसाल."

डॉक्टरीणबाईंनी कागद पाहिला आणि चष्मा काढला. "सूज बरीच आहे. आजपासून पंप घ्यायचा. आणि दोन आठवडे मैदान बंद."

काकांचा चेहरा उतरला. "डॉक्टर, तो श्वास माझा नाही."

"मग कुणाचा?"

"हिचा."

डॉक्टरीणबाईंनी आजवर पुष्कळ सबबी ऐकल्या होत्या, ही नवी होती. त्यांनी काकूंकडे पाहिलं. काकूंना रविवार दिसू लागला होता: काका दिवसभर घरात, पडदे टांगलेले, पंखे पुसलेले. त्यासाठी नुसतं गप्प राहायचं होतं. पण शेजारी काका संघातून वगळलेल्या पोरासारखे बसले होते, ते काही बघवेना.

"माझाच आहे," त्या म्हणाल्या आणि नेमक्या खोकल्या.

दोघांची पुन्हा तपासणी झाली. काकूंचा आकडा जवळपास तोच आला. काकांच्या वेळी काकू पाठीवर हात ठेवून "हळू, हळू" म्हणत राहिल्या आणि चौथ्या प्रयत्नात ढग एकदाचा जागेवर राहिला. सूज नाही. डॉक्टरीणबाईंनी छातीही नीट तपासली, घसा पाहिला. सगळं ठणठणीत.

"खुशाल जा रविवारी मैदानावर," त्या म्हणाल्या. "पण मग हा खोकला कशाचा?"

काका टेबलाच्या कडेवरून बोट फिरवत राहिले. "हिची बहीण गेल्या महिन्यात निवृत्त झाली. तेव्हापासून रोज संध्याकाळी तिचा फोन. तास तास चालतो. मी खोकलो की ही फोन ठेवते."

डॉक्टरीणबाईंनी खाली मान घालून काकूंसाठी पंप लिहिला, तो कसा ओढायचा तेही समजावलं. काकूंनी सगळं नीट ऐकून घेतलं.

"आणि यांना काय देताय?"

"यांना काहीच झालेलं नाही."

"अजून," काकू म्हणाल्या आणि पर्स उचलून उठल्या.