पंधरा अंश वाकलेला शिक्का

चिहारू ताकेबेने ऑफिसात छातीठोकपणे सांगितलं होतं, की यापुढे कुणालाही निळी फाइल काखेत मारून टेबलाटेबलांवर हिंडावं लागणार नाही. जपानमधल्या साबाए गावातली त्यांची चष्म्याच्या फ्रेमा बनवणारी कंपनी साठ वर्षं त्या निळ्या फाइलीवर चालली होती. रजा हवी, खुर्ची हवी, स्क्रूची डबी हवी, काहीही हवं असलं तरी अर्ज फाइलीत घालायचा आणि एकेकाचा गोल लाल शिक्का घेत वर न्यायचा. चिहारूने हे सगळं टॅबलेटवर आणलं. एकच अर्ज, सगळ्यांच्या पडद्यावर एकाच वेळी उघडा. बोट टेकवा, शिक्का उमटला!

विभागप्रमुख कुरोकावासाहेबांनी तेवढा एकच प्रश्न विचारला होता. "यात शिक्का वाकतो का?"

वाकायला हवाच होता. अर्जावर साहेबांच्या शिक्क्याचा चौकोन सगळ्यांत डावीकडे. हाताखालच्यांनी आपापला शिक्का तिकडे किंचित कलता मारायचा, म्हणजे तो साहेबांच्या शिक्क्यापुढे अदबीने झुकल्यासारखा दिसतो. ताठ शिक्का मारणारा माणूस उद्धट समजला जायचा. चिहारूने तीही सोय करून दिली, बरोबर पंधरा अंशांची. साहेब इतके खूश झाले की त्या दिवशी त्यांनी तीन बिनकामाचे अर्ज मंजूर करून टाकले.

आणि मग चिहारूवर स्वतःच अर्ज करायची पाळी आली. तिची दीड वर्षाची नागी दिवसभर आजीकडे असायची, आणि आजीची कंबर धरली होती. पाळणाघरात एप्रिलशिवाय जागा नाही. नवरा र्योहेई बस चालवतो, आणि बस काही घरी आणता येत नाही. तेव्हा एप्रिलपर्यंत घरून काम करू द्यावं, असा अर्ज तिने गुरुवारी सकाळी घरूनच लिहिला. शुक्रवार संध्याकाळपर्यंत तो मंजूर झाला नाही, तर सोमवारी नागीला कुठे ठेवायचं याचं उत्तर घरात कुणाकडेच नव्हतं.

तिने शिक्का मारला. पंधरा अंश, अगदी नम्र. तेवढ्यात नागीची पेज उतू जायला लागली म्हणून ती उठली, आणि मांडीवरची नागी टॅबलेटपाशी राहिली.

आता झालं होतं असं, की आदल्याच दिवशी टॅबलेटवर नवी ऑपरेटिंग सिस्टीम आली होती आणि तिने न मागता एक सोय देऊन ठेवली होती. पडद्यावरची कुठलीही गोष्ट दोन बोटांत धरून फिरवता यायची. त्याबद्दलची लांबलचक सूचना चिहारूने वाचली नव्हती. नागीला तर वाचताच येत नव्हतं, पण बोटं होती. चिहारू परत आली तेव्हा पडदा विझलेला होता आणि त्यावर लाळेचा एक टिपका होता. तिने टिपका पुसला आणि नागीला पेज भरवायला घेतली.

अर्ज पहिल्यांदा पाहिला एनोमोतो-सान यांनी. या बाई कंपनीत एकतीस वर्षं होत्या. त्यांना ताकेबेचा शिक्का डोक्यावर उभा दिसला, आणि त्यांनी हातातला चहा खाली ठेवला. जुन्या माणसांना उलटा शिक्का समजावून सांगावा लागत नाही. वरून आलंय म्हणून हो म्हणायचं, पण मनातून विरोध आहे, असं असलं की माणूस तोंडाने बोलत नाही, शिक्का उलटा मारतो. पण स्वतःच्याच अर्जावर? म्हणजे पोरीला घरी बसायचं नाहीये! नवऱ्याने समोर बसून अर्ज लिहवून घेतलाय, आणि बिचारीने शिक्क्यातून हाक मारली आहे.

सरळ फोन केला असता तर गोष्ट इथेच संपली असती. पण इतकं नाजूक कुणी विचारतं का? दुपारपर्यंत सगळ्या मजल्याला कळलं होतं आणि कुणीही काहीही बोललेलं नव्हतं. एनोमोतो-सानने फक्त एक निरोप पाठवला, की तुमच्या मनातलं आम्हाला समजलं, आम्ही तुमच्या पाठीशी आहोत. तो वाचून चिहारूचे डोळे भरून आले. तिने नऊ वेळा आभार मानले.

संध्याकाळी र्योहेई घरी आला तो चक्रावून. फ्रेमवाल्यांच्या थांब्यावरची माणसं रोज त्याच्या बसमध्ये चढता-उतरताना मान लववतात, आज एकानेही लववली नव्हती. एक बाई तर "तुम्हाला शोभत नाही हे," असं म्हणून उतरल्या होत्या. चिहारू म्हणाली, "असेल कुणी तिरसट. आमच्या ऑफिसातली माणसं बघ किती गुणी आहेत."

शुक्रवारी चार वाजता अर्ज पुरा झाला. तिच्यासकट चार शिक्के, चारही उलटे. ही नव्या सिस्टीमची खोडी असणार, असं म्हणून तिने टॅबलेट फिरवून धरला. शिक्के सरळ झाले, अक्षरं उलटी झाली. तेवढ्यात पडद्यावर तीन वरिष्ठ अवतरले.

"ताकेबे-सान," कुरोकावासाहेब म्हणाले, "तुमचा अर्ज आम्ही एकमताने नामंजूर केला आहे." आणि तिघंही कमरेतून इतके वाकले की पडद्यावर फक्त तीन डोकी उरली.

एनोमोतो-सान कॅमेऱ्याजवळ सरकल्या. "सोमवारपासून निर्धास्त ये. नवरा शेजारी आहे का गं? नुसती मान हलव."

"पण मग नागीला कुठे ठेवू मी?" चिहारूने विचारलं.

आपलं नाव ऐकून नागी टॅबलेटवर वाकली. डावीकडचा सगळ्यांत मोठा लाल गोळा तिला आवडला. तिने तो दोन बोटांत धरला आणि फिरवला. अर्ज सगळ्यांच्या पडद्यावर एकाच वेळी उघडा असतो, हे चिहारूचं म्हणणं इतकं खरं कधीच ठरलं नव्हतं. साहेबांचा शिक्का सगळ्यांच्या डोळ्यांदेखत भोवऱ्यासारखा गरगरला आणि आडवा झाला.

"हा माझा शिक्का आहे," साहेब म्हणाले.

"हो, साहेब."

"आणि काल तुमचा..."

"हिनेच, साहेब. मला आत्ता कळतंय."

एनोमोतो-सान पुटपुटल्या, "आणि मी त्या बसवाल्याला नाही नाही ते बोलले."

अर्ज मंजूर करायला आता तिघंही एका पायावर तयार होते. पण साहेबांचा विश्वास उडाला होता. फिरतो तो शिक्का कसला? "निळी फाइल कुठे आहे?" त्यांनी विचारलं.

तर अशा रीतीने, घरी बसून काम करायची परवानगी मिळवायला चिहारू नागीला पाठीशी बांधून पाचच्या बसने ऑफिसात गेली. बस र्योहेईच चालवत होता. फाइल काखेत मारून ती टेबलाटेबलांवर हिंडली. साहेबांच्या टेबलाशी पोचेपर्यंत नागीने शाईची डबी गाठली होती, आणि तिचा लालभडक पंजा अर्जावर उमटला तो साहेबांच्या चौकोनाच्याही डावीकडे, जिथे आजवर कुणाचंच काही उमटलं नव्हतं.

साहेबांनी वीस वर्षांत शिक्का वाकवला नव्हता. त्यांनी पंजाकडे पाहिलं आणि शिक्का मारला.

एनोमोतो-सानने ड्रॉइंगच्या टेबलावरून कोनमापक आणून लावला. "पंधरा," त्या म्हणाल्या.

"हात हलला जरा," साहेब म्हणाले.

सोमवारी चिहारूने घरी टॅबलेट उघडला. शिक्क्यासाठी एकच अर्ज आला होता, तोही कुरोकावासाहेबांचा. निळ्या फाइली, नग चाळीस. तिने आधी नागीला मांडीवरून उतरवलं, मग शिक्का मारला.