ट्रॅक्टरच्या रंगाची गिटार

डोमाजी रामटेके भंडाऱ्याहून घरी पोचले, तेव्हा त्यांची गिटार अंगणातल्या तारेवर वाळत होती.

एका बाजूला त्यांचाच धुतलेला सदरा, दुसऱ्या बाजूला मंगलाबाईंचं लुगडं आणि मधे सुतळीने बांधून लटकवलेली लालभडक गिटार. खालच्या टोकातून रंगाचा एक थेंब सावकाश गळत होता. डोमाजी आधीच तापलेले होते. हयातीच्या दाखल्यासाठी त्यांनी यंत्रावर अकरा वेळा अंगठा ठेवला होता आणि अकराही वेळा यंत्राने ते जिवंत असल्याचं नाकारलं होतं. आंधळगाव येईपर्यंत त्यांनी त्या यंत्राला आणि बसमधल्या शेजाऱ्याला पुरेसं सुनावलं होतं.

"कोनं केलं हे?" ते दारातूनच गरजले.

"हळू बोला जी," मंगलाबाई आतून म्हणाल्या. "शनिवारी पाहुणी येऊन राहिली ना ते पाहाले? कशी दिसे, करपल्या भाकरीवानी! भूपेंद्रकडून रंगवून घेतली."

डोमाजींनी तारेजवळ जाऊन गिटारला बोट लावलं, तर बोट लाल झालं.

ही गिटार साधी नव्हती. साठ वर्षांपूर्वीची जपानी इलेक्ट्रिक गिटार. डोमाजींनी ती तरुणपणी नागपूरच्या एका हॉटेलात वाजवणाऱ्या म्हाताऱ्याकडून घेतली आणि पुढची बावीस वर्षं तुमसरपासून साकोलीपर्यंत एकही जयंती किंवा लग्न तिच्याशिवाय होऊ दिलं नाही. त्यांची गाण्याची पार्टी मोडल्यावर ती कपाटावर गेली. महिन्यापूर्वी पुण्यातल्या मुलाने, अश्वजितने, तिचा फोटो कुठेतरी टाकला आणि गेल्या आठवड्यात नागपूरहून दामिनी नावाच्या बाईंचा फोन आला. त्या जुन्या गिटारी पारखून विकत घेत. फोटोतल्यासारखी असेल तर एक लाख साठ हजार देईन, म्हणाल्या. आणि बजावून सांगितलं, "काका, तिला हात लावू नका. पुसूसुद्धा नका. जुना रंग, जुन्या भेगा, यातच तिची अर्धी किंमत आहे."

डोमाजींनी होकार दिला. घरात मात्र शनिवारी पाहुणी गिटार पाहायला येणार एवढंच सांगितलं, भावाचं नाही. जास्त सांगायची त्यांना सवयच नव्हती.

"अवो, दीड लाखाच्या वर भाव होता तिले!" ते ओरडले. "त्या करपल्या रंगाचाच भाव होता!"

"मंग सांगाचं होतं ना मले," मंगलाबाई शांतपणे म्हणाल्या. "मले का सपन पडते?"

डोमाजी तसेच भूपेंद्रच्या दुकानात गेले. भूपेंद्र ट्रॅक्टर आणि ट्रॉल्या रंगवत असे. त्यांना पाहून त्याने मोठ्या अभिमानाने ब्रश खाली ठेवला.

"पाह्यलं काका? दोन हात मारले. वीस वर्सं जात नाही तो रंग."

"अन् पहिला रंग?"

"घासून काढला ना. घासल्याबिगर नवा धरतच नाही. मशीन लावली होती, दहा मिनिटांत साफ!"

"मशीन लावली?" डोमाजींच्या कपाळावरची शीर तट्‌तट्‌ उडू लागली. "अन् तिची बटनं? ते तारांखालची पांढरी पट्टी?"

"पांढरी कुठची, पिवळी पडली होती. काकूनं भंगारात देल्ली. मी बटनं नवी बसवली, कूलरची. अन् स्क्रू पन."

डोमाजींनी त्यानंतर भूपेंद्रला जे ऐकवलं, ते ऐकायला समोरच्या पिठाच्या गिरणीतली माणसं बाहेर आली. भूपेंद्रला निम्मंच कळलं. पण जुनी बटणं परत आणली तर काही तरी वाचेल एवढं त्याच्या लक्षात आलं. त्याने मुकाट्याने मोटारसायकल काढली आणि डोमाजींना मागे बसवलं.

भैय्यालाल भंगारवाला त्यांना मोहाडीच्या रस्त्यावर सापडला. धानाच्या ट्रॉल्यांनी रस्ता अडला होता आणि तो हातगाडीला टेकून बिडी ओढत उभा होता.

"माही बटनं दे!" गाडीवरून उतरायच्या आधीच डोमाजी ओरडले.

"कोनती बटनं?"

"चार बटनं अन् एक पिवळी पट्टी! आत्ताच्या आत्ता काढ!"

भैय्यालालने डब्यात हात घालून बटणं काढली, तळहातावर ठेवली आणि डोमाजींच्या लालबुंद चेहऱ्याकडे निरखून पाहिलं. मघाशी त्याने त्या सगळ्याचे सात रुपये दिले होते.

"पाचशे रुपये," तो म्हणाला.

"पाचशे? हे बेकार प्लास्टिक अन् पाचशे? लुटून राहिला का बे?"

"बेकार असतं तर इतके चिडले नसते तुमी. सातशे."

"अबे, मी तुले पोलिसात—"

"नऊशे."

भूपेंद्रने डोमाजींचा दंड धरला. "काका, चूप राहा ना. तुमच्या एका वाक्याले दोनशे रुपये पडून राहिले."

डोमाजींनी ओठ घट्ट आवळले. पण नाकातून जो फूत्कार निघाला, त्याचेही भैय्यालालने शंभर लावले. एक हजार रुपये देऊन दोघं परत आले. वाटेत डोमाजी एवढंच म्हणाले, "पैसे तू देशील." भूपेंद्रने गाडीचा वेग वाढवला.

शनिवारी दामिनी आल्या. डोमाजींनी कुणी चष्मा घातलेली वयस्क बाई कल्पिली असावी, अशा घुश्शात ते त्या तिशीच्या मुलीकडे पाहत राहिले. तिने पिशवीतून स्क्रूड्रायव्हर, लहानशी टॉर्च आणि आरसा काढला. खाटेवर ठेवलेली लाल गिटार तिने उलटसुलट करून पाहिली.

"ही तीच आहे?" तिने विचारलं.

"तेच," डोमाजी दात खात म्हणाले.

तिने परत बसवलेली पट्टी खोलली आणि आत टॉर्च मारली. "आतल्या खोबणीत जुना रंग आहे. बघा, मधासारखा, कडेला काळपट. आधी सगळी अशीच असणार." मग तिने आतल्या वायरींच्या जोडांवरचे कथलाचे डाग तपासले. "डाग कंपनीचे आहेत, कुणी हात लावलेला नाही. आवाज पकडणारे पिकअप अस्सल. नेकचा दांडा सरळ. खुंट्यासुद्धा जुन्याच." तिने सुस्कारा सोडला. "काका, रंग कुणी काढला?"

दारामागे उभा असलेला भूपेंद्र हळूच गोठ्याकडे सरकला.

"आता पस्तीस हजार," दामिनी म्हणाली. "त्याहून जास्त नाही देता येणार."

मग मात्र डोमाजींचा बांध फुटला. त्यांनी भूपेंद्रला गोठ्यातून बाहेर बोलावून झापलं, फोटो टाकणाऱ्या अश्वजितला फोन लावून झापलं आणि मंगलाबाईंकडे वळून म्हणाले, "सव्वा लाख रुपये धुऊन तारेवर वाळवले तुवा!" मंगलाबाई चहा गाळत राहिल्या.

"काका," दामिनी मधेच म्हणाली, "आवाज ऐकल्याशिवाय मी पक्का भाव सांगत नाही. वाजवता?"

तिने स्वतःजवळच्या नव्या तारा चढवल्या आणि डब्याएवढा अॅम्प्लिफायर जोडला. डोमाजींनी रागातच गिटार गळ्यात घातली. तेवीस वर्षांनी त्यांची बोटं तारांवर पडली, आणि पहिले चार सूर तर शिव्यांसारखेच निघाले. पाचव्यापासून काही तरी बदललं. पार्टीचा कार्यक्रम सुरू होताना ते जी धून वाजवत, ती बोटांना आपोआप सापडली. गिरणीतली माणसं पुन्हा बाहेर आली. शेजारच्या जनाबाई सूप हातात घेऊन कुंपणाशी उभ्या राहिल्या. डोमाजी डोळे मिटून पाऊण तास वाजवत होते, आणि त्या पाऊण तासात त्यांनी कुणालाच शिवी दिली नाही.

"पंचेचाळीस," दामिनी शेवटी म्हणाली. "लाल रंगासकट."

"विकाची नाही," डोमाजी म्हणाले.

"पन्नास?"

"पस्तीस-पन्नासासाठी का घरची गिटार विकाची? दीड लाख असते तर गोष्ट वेगळी. तेवढ्याले नाही म्हनता आलं नसतं." आणि आपण फार बोललो असं वाटून ते पुन्हा कपाळाला आठ्या घालून बसले.

दामिनी गेली. मंगलाबाई कप विसळायला बसल्या. पाठमोऱ्याच म्हणाल्या, "तुमी फोन स्पीकरवर ठेवता जी. ऐकू येत नाही म्हनून."

"मंग?"

"त्या पोरीनं हात लावू नका म्हटलं, ते मी चुलीजवळून ऐकलं होतं. भावही ऐकला."

डोमाजींना समजायला थोडा वेळ लागला. मग ते ताडकन उठले. "ऐकलं होतं? अन् तरी रंगवून आनली? जानूनबुजून?"

"हो म्हटलं तुमी फोनवर, अन् मंग आठ दिवस चिडलेच नाही," मंगलाबाई म्हणाल्या. "भाजीत मीठ नव्हतं, तरी मुकाट्यानं जेवले. जनाबाईची बकरी तुमचा सदरा चावून गेली, तरी चूप. मले भेव वाटलं. अशा मानसासंगं मी घरात कशी राहू?"

डोमाजी उभेच राहिले. रागवायचं होतं, कारणही भरपूर होतं. पण नेमकं कुठून सुरुवात करावी ते सुचेना. त्यांनी खाटेवरच्या गिटारकडे पाहिलं.

"रंगवाचीच होती, तर लाल काहून?" ते अखेर कडाडले. "निळी तरी कराची ना!"

"भूपेंद्रजवळचा निळा संपला होता."

"संपला होता? आनता येत नव्हता? तोंड नव्हतं त्याले सांगाले?" डोमाजींनी पायांत चपला सरकवल्या आणि भूपेंद्रच्या नावाने ओरडत फाटक उघडून ते निघाले. गिरणी ओलांडेपर्यंत त्यांचा आवाज घरात स्पष्ट ऐकू येत होता. मंगलाबाईंनी तो कान देऊन ऐकला, मग कढई चुलीवर ठेवली आणि समाधानाने वांग्यांना फोडणी दिली.