दर्यासाहेबांचा बारावा नमुना

मे महिन्याची सतरा तारीख, सोमवार, सकाळचे सात. जागा: दिंद्रुडजवळच्या आमच्या तलावाचा काठ. हजर: मच्छीमार सोसायटीचे चेअरमन बाबूअण्णा, जाळ्यांतले जाणकार रहीमचाचा, सभासद कौसल्याबाई आणि सचिव म्हणून मी. शिवाय गुडघाभर पाण्यात उभे, त्यामुळे हजर धरावेत की गैरहजर हे मला कळेना असे केशवराव ऊर्फ दर्यासाहेब.

ते दोरीला बांधलेलं एक ताट पाण्यात सोडत होते. ताट त्यांच्या घरातलं, जेवायचं. त्यावर काळ्या-पांढऱ्या रंगाचे चार चतकोर रंगवलेले. ताट दिसेनासं होईपर्यंत दोरी सोडायची आणि मोजायची, म्हणजे पाणी किती नितळ ते कळतं. त्या दिवशी दिसेनासं व्हायच्या आतच ताट तळाला टेकलं.

"साहेब, पंगत कवा बसणार?" रहीमचाचा काठावरून ओरडले.

केशवराव साखर कारखान्यात केमिस्ट. दुष्काळात ऊस नाही म्हणून कारखाना पेटलाच नाही. बाकीचे कामगार पुण्याच्या गाड्यांत बसले. केशवरावांनी चोपन्नाव्या वर्षी विद्यापीठात एम.एस्सी.ला नाव घातलं. विषय: सागरी आणि गोड्या पाण्याचं पर्यावरणशास्त्र.

"आपल्याकडं समुद्र कुठं हाय?" बाबूअण्णांनी विचारलं होतं.

"पाणी तरी कुठं हाय? ऊस लावताच की तुमी!"

तेव्हापासून ते दर्यासाहेब.

आकड्याशिवाय त्यांना बोलणं उमगत नाही. कुणी म्हणावं, "लई ऊन हाय." लगेच प्रश्न, "लई म्हंजे किती?" एकदा त्यांच्या बायकोनं, मंगलवहिनींनी, आमटीत मीठ लई झालं का विचारलं, तर या गृहस्थांनी क्षार मोजायचं यंत्र सरळ पातेल्यात बुडवलं. पुढचे दोन दिवस वहिनींनी अळणी भाजी वाढली. "आता मोजा," म्हणाल्या.

त्यांचा प्रबंध आमच्याच तलावावर होता. वर्षभर, दर महिन्याच्या वीस तारखेला, तलावात ठोकलेल्या एका खुंट्यापाशी पाण्याची बाटली भरायची आणि तपासायची. अकरा बाटल्या झाल्या होत्या. बारावी येत्या गुरुवारी. एक महिना जरी चुकला तर वर्ष वाया, असं त्यांच्या गाईडनी बजावलेलं.

आणि सोमवारच्या सभेपुढे विषय एकच: शेवटचं जाळं कधी ओढायचं. पाणी आटत आलं की आमचे सगळे सभासद मिळून एकदाच तळापर्यंत जाळं ओढतात. मागे उरतो तो चिखल. पण उशीर केला तर तापलेल्या पाण्यात मासे मरतात आणि मेलेला मासा कुणी हातात धरत नाही.

"साहेब, तुमच्यासाठी शुक्रवारपर्यंत थांबू आमी," बाबूअण्णा म्हणाले. "फकस्त खरं सांगा, मासे दम धरतील का?"

"धरतील" एवढंच म्हणायचं होतं. दर्यासाहेबांनी छोट्या बाटलीत पाणी घेतलं, त्यात औषधाचे थेंब टाकले, पाण्याचा रंग पाहिला. मग दुसऱ्यांदा सगळं केलं. दुसऱ्यांदा फार सावकाश केलं.

"पाण्यातला ऑक्सिजन उतरलाय. उद्या सकाळपर्यंत तगतील. उद्याच ओढा."

"अन् तुमची बाटली?"

"मासा माझ्या बाटलीसाठी श्वास धरून बसणार हाय का?"

मंगळवारी जाळं ओढलं. मासे जिवंत निघाले आणि तेलगावच्या बाजारात गेले. बुधवारी खुंट्याभोवती नुसता चिखल होता.

तरीही गुरुवारी ठरल्या वेळी दर्यासाहेब निघाले. मी सोबत गेले. बघतो तर खुंट्यापाशी खड्डा आणि खड्ड्यात वीतभर पाणी! शेजारी कौसल्याबाई आणि रहीमचाचा नको इतक्या निरागस चेहऱ्याने उभे.

"झरा लागला," चाचा म्हणाले. "अल्लाची मेहेरबानी."

दर्यासाहेबांनी बाटली भरली आणि नाकाला लावली. "चाचा, झऱ्याला टीसीएल पावडरचा वास येतो व्हय?"

ती पावडर ग्रामपंचायत टँकरच्या पाण्यात टाकते. चाचा आभाळाकडे बघू लागले.

"कावून केलं हे?" दर्यासाहेब कडाडले.

"वरडू नका," कौसल्याबाईंनी तेवढ्याच जोरात सुनावलं. "घरटी एक घागर वतली समद्या सभासदांनी. तुमचं वरीस बुडू नये म्हणून. पाणी ते पाणीच की! त्याला काय गाव लिवलेलं असतंय?"

टँकर तेव्हा तीन दिवसांतून एकदा यायचा. दर्यासाहेब मटकन चिखलात बसले. मग त्यांनी नोंदवही उघडली आणि बाराव्या रकान्यात लिहिलं: 'पाणी नाही.'

"ढळढळीत पाणी हाय अन् न्हाई लिवता?" कौसल्याबाई.

"तळ्याचं न्हाई, बाई."

मात्र भरलेली बाटली त्यांनी ओतली नाही. बूच घट्ट लावून पिशवीत ठेवली.

संध्याकाळी गाईडना विनंतीअर्ज लिहायला मी त्यांच्या घरी बसले. तारखा हव्यात म्हणून नोंदवही चाळली. सहाव्या नमुन्याच्या पानाला विद्यापीठाचं पत्र टाचलेलं होतं. वर्गाची कोकणातली अभ्याससहल. मुलांच्या यादीत शेवटी यांचं नाव, शाईने खोडलेलं. सहलीच्या दिवसांत वीस तारीख येत होती.

"तुम्ही समुद्र बघितलाय ना?" मी विचारलं.

"पुस्तकात." भरती-ओहोटीच्या पेपरात हे वर्गात पहिले आले होते.

"अहो, जायचं होतं की! एक बाटली मी भरली असती."

त्यांनी पत्राची घडी नीट केली. "समुद्र कुठं पळून जात न्हाई, सचिवताई. तळं चाललं होतं. जाताना त्याच्यापाशी घरचं कुणी पाहिजे का न्हाई?"

अर्ज गेला; उत्तर अजून आलेलं नाही. माझ्या यादीतली बाकीची कामं मी उरकली: जाळी वाळवून बांधली, सभेचं इतिवृत्त लिहिलं, सह्या घेतल्या. एक काम राहिलंय: दर्यासाहेबांना आणि मंगलवहिनींना समुद्र दाखवून आणणे. तारीख विचारायला गेले, तर म्हणाले, "वीस सोडून कवाबी." वीस तारखेला ते अजूनही बाटली घेऊन कोरड्या तळ्यात जातात.