सुलक्षणाचा किफायतशीर हीटर

डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात एका सकाळी सुलक्षणाने आठ महिन्यांच्या विधीच्या नाकाला बोट लावलं, आणि ते नाक तिला गार लागलं. घडलं ते एवढंच. एखाद्या शहाण्या बाईने पोरीला टोपी घातली असती. सुलक्षणाने टोपी घातली आणि लॅपटॉपही उघडला.

(बाळाचं नाक गार लागण्याची कारणं इंटरनेटवर चौदा पानं होती. पहिलं पान वाचूनच तिचे स्वतःचे हातपाय गार पडले.)

"अहो, आपण हीटर घेऊ या."

स्वप्नील बँकेत निघाला होता. बायकोने घरात उंट बांधायचा विषय काढावा, तसं त्याने तिच्याकडे पाहिलं.

"जळगावात? हीटर?"

त्याचंही बरोबरच होतं म्हणा. जळगावकरांच्या हिशेबी वर्षात उन्हाळा हा एकच ऋतू. बाकीचे म्हणजे त्याची मधली सुट्टी. मेहरूणमधलं त्यांचं घरसुद्धा मे महिना डोळ्यांपुढे ठेवूनच बांधलेलं. गच्चीला पांढरा रंग, भिंतीत वरच्या बाजूला झरोके, पायाखाली गार फरशी. या घराला हिवाळा येतो हे कोणी कळवलेलंच नव्हतं.

"थंडी माणसांना नाही गं वाजत इथे," स्वप्नील म्हणाला. "केळीला वाजते."

"तेच म्हणते मी! माहेरी भडगावला मगनदादा केळीच्या एकेका घडाला पिशवी घालतात, बागेत शेकोट्या पेटवतात. आणि तुमची पोरगी?"

स्वतःच्या पोरीची बाजू केळीच्या घडापेक्षा लंगडी पडतेय, हे बापाला सहन झालं नाही. त्याने बँकेची बॅग उचलली. सासूबाई मात्र गप्प बसणाऱ्यांतल्या नव्हत्या. झुंबरबाई, म्हणजे साऱ्या गल्लीच्या अक्का, ओट्यावरूनच अहिराणीत बोलल्या,

"कसाले खर्चा करतस? घमेलामा निखारा टाक, त्यावर ओवा टाक. स्वप्नीलले मी असाच मोठा करा."

सुलक्षणाने एकदा स्वप्नीलकडे नीट पाहिलं, आणि हीटर घ्यायचं पक्कं केलं.

बंद खोलीत निखारे किती घातक असतात, हे तिने अक्कांना चार वेळा समजावून सांगितलं. अक्कांनी चारही वेळा ऐकून घेतलं आणि शेवटी एक तोड काढली: हीटर आण. शनिवारपर्यंत खोली गरम झाली तर मी तोंड उघडणार नाही. नाही झाली, तर रविवारी माझं घमेलं आत येईल. सुलक्षणाने मान डोलावली, कारण शिकलेल्या बाईला स्वतःच्या तक्त्यावर विश्वास असतो.

तक्ता तिने खरोखरच केला होता. रकाने अकरा: वीज किती खातो, खोली किती वेळात तापते, हवा कोरडी पडते का, बाळाने हात लावला तर, सासूबाईंनी हात लावला तर. लाल तारांचा हीटर शेवटच्या दोन रकान्यांत बाद झाला. पंख्याचा आवाजामुळे गेला. उरला ऑइलवाला. महाग, पण तक्त्याच्या मते दीर्घकाळात किफायतशीर. (दीर्घकाळ म्हणजे साधारण अकरा हिवाळे. तोवर विधी बारावीच्या क्लासला जायला लागायची नाही, एवढाच काय तो दिलासा.)

प्रकाशचंदशेठच्या इलेक्ट्रिकच्या दुकानात हीटर निघाला तो पंख्यांच्या खोक्यांमागून, धुळीने माखलेला.

"ताई, तीन वर्षांपूर्वी एका साहेबांनी मागवला होता," शेठ खोकं झटकत म्हणाले. "त्यांची बदली झाली, हा इथंच राहिला. खोलीत वारा येतो का कुठून?"

"अजिबात नाही. झरोक्यांत मी कागद कोंबलेत. सगळ्या खिडक्या बंद असतात."

हे तिने ज्या ठामपणे सांगितलं, तो ठामपणा नंतर तिला बरेच दिवस आठवत राहिला.

हीटर घरी आला. अक्कांनी त्याच्याभोवती एक फेरी मारली.

"यामा तेल शे? कोणतं? शेंगदाणानं?"

"वेगळं असतं, आई. ते अकरा वर्षं बदलावं लागत नाही."

"एकच तेल अकरा वरीस?" अक्कांनी हीटरकडे असं पाहिलं, की हॉटेलवाल्याच्या कढईची आठवण व्हावी.

बुधवारी हीटर चालला. गुरुवारी चालला. मीटरवरचा लाल दिवा लग्नघरच्या माळेसारखा लुकलुकत होता आणि स्वप्नील येता-जाता त्याच्यापुढे हात जोडत होता. खोली मात्र जशीच्या तशी. शुक्रवारी सुलक्षणाने दुकानात फोन लावला.

"शेठ, तुमचा हीटर गरम होत नाही."

"हात लावून बघा ताई."

"लावला."

"मग?"

"भाजला."

"मग होतोय की गरम!"

शनिवारी संध्याकाळी अक्का खोलीत येऊन पाळण्याशी बसल्या. घमेलं त्यांनी घासून दाराशी ठेवलं होतं. हीटर तापलेला, विधी दोन स्वेटरांत गुंडाळलेली, आणि सुलक्षणा तक्त्यात बारावा रकाना वाढवत बसलेली.

"सुलक्षणा," अक्का म्हणाल्या, "तो पडदा कसाले हाली राहिना?"

"वाऱ्याने, आई," सुलक्षणा मान वर न करता म्हणाली. आणि मग तिने मान वर केली.

पडद्यामागे कूलर होता. तीन बाजूंनी जाळी आणि वाळकं गवत, असं ते धूड त्या खिडकीत बसलेलं. काढायला चार माणसं लागतात, म्हणून उन्हाळा संपला तरी बाराही महिने तिथेच. दिसायला बरा नाही म्हणून हिवाळ्यात त्याच्यावर पडदा. त्या खिडकीला घरात कोणी खिडकी म्हणतच नसे. तो 'कूलर' होता, आणि कूलर तर बंदच होता! मेहरूण तलावावरून येणारा वारा त्या गवतातून गाळला जाऊन थेट पाळण्यावर पडत होता, आणि चार दिवस चाललेला किफायतशीर हीटर त्याच वाटेने तलाव तापवत होता.

अक्कांनी फक्त पदर तोंडाला लावला. तो हलत होता, आणि या खेपेला वाऱ्याने नाही.

स्वप्नीलने कूलरला ताडपत्री बांधली, वर जाजम, त्यावर जुनी गादी. तासाभरात खोली अशी तापली, की अक्कांनी घमेलं आपणहून उचलून नेलं. सुलक्षणा जिंकली! त्या आनंदात तिने हीटर सोमवारपर्यंत बंद केला नाही. टोपी, मोजे, दोन स्वेटर, वरून गोधडी, सगळं जिथल्या तिथे ठेवलं. विधीचं नाक आता छान गरम लागत होतं.

मंगळवारी पोरीच्या मानेवर लाल पुरळ दिसलं. संध्याकाळपर्यंत पाठ भरली. सुलक्षणाने या खेपेला लॅपटॉप न उघडता रिक्षा बोलावली. अक्काही सोबत निघाल्या.

डॉक्टरांनी एक स्वेटर काढला. मग दुसरा. मग चष्मा.

"घामोळ्या आहेत."

"अं?"

"घामोळ्या. तीस डिसेंबरला." त्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहून खात्री करून घेतली. "बावीस वर्षं प्रॅक्टिस करतोय मी. फोटो काढू का? आमच्या डॉक्टरांच्या ग्रुपवर टाकतो. नुसतं सांगून कोणी विश्वास ठेवायचा नाही."

बाहेर बाकावर सहा आया खोकणारी पोरं घेऊन बसल्या होत्या. सहाही जणी दारातून डोकावल्या.

"साधी गोष्ट आहे ताई. मूल मोठ्या माणसापेक्षा लवकर तापतं. उष्णता बाहेर जायला वाट लागते. तुम्ही काय करता?"

"ज्युनिअर कॉलेजात शिकवते. सध्या रजेवर आहे."

"विषय?"

उष्णतेचं वहन, अभिसरण आणि प्रारण. अकरावी सायन्स. गेली सहा वर्षं, दर वर्षी फळ्यावर आकृती काढून.

"मराठी," सुलक्षणा म्हणाली.

"मराठी कसाले?" मागून अक्कांचा आवाज आला, बाकावरच्या सहाही जणींना ऐकू जाईल असा, आणि त्यात सुनेचा अभिमान नुसता ओसंडत होता. "आमनी सून फिजिक्स शिकाडस!"