खुर्चीने पसंत केलेला रुमाल

परदेशातल्या एका शहरातल्या नाट्यगृहात माणसाने खुर्ची निवडायची पद्धत नाही. खुर्ची माणूस निवडते, आणि त्यासाठी प्रयोगाच्या दिवशी सकाळी मुलाखत द्यावी लागते.

सांगलीच्या अनंतराव गुळवणींना हे ठाऊक होतं. त्यांच्या पत्नीने, शैलाबाईंनी, परदेशच्या सहलीत नाव घालण्याआधीच सगळी चौकशी करून ठेवली होती. प्रयोगाच्या दिवशी सहलीत दुपारी चॉकलेटचा कारखाना होता आणि संध्याकाळी मोकळा वेळ. बाकीची मंडळी मोकळ्या वेळात नातवंडांसाठी स्वेटर घेणार होती. शैलाबाईंना नाटक बघायचं होतं, तेही नवऱ्याच्या शेजारी बसून, नवरा जागा असताना. लग्न झाल्यापासून हा योग आला नव्हता. अनंतराव साखर कारखान्यात वजनकाट्यावर होते आणि तिथे कधी पेंगले नाहीत. पण नाट्यगृहात दुसऱ्या घंटेला त्यांचे डोळे मिटत आणि तिसरीला घोरणं सुरू होई. घरी परतताना नाटकाविषयी बोलायला शैलाबाईंना रिक्षावाल्याशिवाय कुणी नसे.

"या खेपेला झोपणार नाही," असा शब्द अनंतरावांनी विमानातच दिला होता, आणि मग ते झोपले होते.

सकाळी दोघं मुलाखतीला गेली. खुर्च्यांच्या वतीने बोलायला करड्या कोटातल्या एक बाई होत्या. परदेशी पाहुण्याशी त्याच्याच भाषेत बोलायचं असा तिथला दंडक असल्यामुळे त्यांचं मराठी स्वच्छ होतं. खुर्ची करकरे, बाई कान देत आणि विचारत.

"नाटक चालू असताना पिशवीतून काही काढून खाता?"

"मध्यंतरातच. शेंगदाण्याचा लाडू," शैलाबाई म्हणाल्या.

"पुढचं वाक्य नटाच्या आधी म्हणता?"

"म्हणते. पण इथली भाषा मला येत नाही."

खुर्ची समाधानाने करकरली. शैलाबाईंची निवड झाली.

मग शेजारच्या खुर्चीने अनंतरावांना एकच विचारलं. "झोपता?"

"डोळे मिटून ऐकतो."

बाई म्हणाल्या, "ती सांगलीला विचारते आहे. खुर्च्यांचा आपसात संबंध असतो." थोड्या वेळाने खुर्ची करकरली. बाईंनी अनंतरावांकडे सहानुभूतीने पाहिलं. "तुमच्या तिथल्या खुर्चीचं म्हणणं असं, की माणूस सज्जन आहे, पण तिचा डावा हात अजून दुखतो. तुम्ही त्यावर रेलून घोरता. क्षमस्व."

"बघितलंत?" शैलाबाई म्हणाल्या. "तुमची कीर्ती समुद्रापार आलीय."

"वरिष्ठ कुणी आहेत का?" अनंतरावांनी विचारलं.

"वरच्या मजल्यावर. पण तेही खुर्चीच आहेत."

अनंतराव वर निघाले. पण जागा सोडून जाताना मोकळ्या हाताने जाणं त्यांना जन्मात जमलं नव्हतं. मिरजेच्या गाडीत खिडकीतून, लग्नाच्या पंगतीत, व्याख्यानाला, त्यांनी सगळीकडे आधी रुमाल टाकला होता आणि मग स्वतः बसले होते. इथेही त्यांनी खिशातला निळ्या काठाचा रुमाल काढून खुर्चीवर टाकला आणि जिना चढले. वरची खुर्ची बोलायला तयार झाली नाही. ते खाली आले तेव्हा बाई रुमालाचं अभिनंदन करत होत्या.

"याची मुलाखत झाली," त्या म्हणाल्या. "घोरत नाही, खोकत नाही, मोबाइल नाही. खुर्ची फार खूश आहे."

"अहो, तो माझा रुमाल आहे."

"सकाळी होता. आता तो प्रेक्षक आहे."

"आमच्याकडे रुमाल टाकला की जागा माणसाची होते."

"म्हणजे बसलेल्या रुमालाला उठवून माणूस बसतो?" बाईंचा चेहरा उतरला. "आणि रुमाल काय म्हणतो?"

"काही म्हणत नाही."

"कुणी विचारलं तर म्हणेल ना."

अनंतरावांनी बायकोकडे पाहिलं. शैलाबाई रुमालाची घडी सारखी करत होत्या.

"संध्याकाळी याला असाच चुरगळलेला नेऊ का?" त्या म्हणाल्या. "हॉटेलवर इस्त्री आहे."

अनंतरावांनी इस्त्री केली. काठ जरा जास्तच दाबून केला, पण रुमालाने तक्रार केली नाही.

प्रयोग सुरू झाला आणि अनंतराव बाहेरच्या बाकावर बसले. दार बंद होतं, तरी आतलं हसू ऐकू येत होतं, आणि त्यात शैलाबाईंचं त्यांना वेगळं ओळखू येत होतं. हे हसणं एवढं मोठं असतं, याची त्यांना कल्पना नव्हती. त्यांना झोप आली नाही.

मध्यंतरात शैलाबाई लाडू घेऊन बाहेर आल्या.

"डुलकी?" अनंतरावांनी विचारलं.

"एकदाही नाही हो. डोळ्यांत तेल घालून बघतोय."

नाटक संपल्यावर त्यांनी रुमाल नवऱ्याच्या हातावर ठेवला. तो ओला होता.

"तू डोळे पुसलेस."

"मी पदराने पुसले. हा स्वतःच रडला. शेवटी म्हातारा घर सोडून निघतो ना, तेव्हा."

"भाषा कळत नव्हती ना?"

"घर सोडणाऱ्याची पाठ कळते."

ट्राममध्ये शैलाबाई वाटभर नाटकाविषयी बोलल्या. रुमाल पुन्हा त्यांच्या मांडीवर होता. अनंतराव शेजारी उभे होते, आणि म्हातारा परत येतो का, हे त्यांना विचारायचं होतं. पण मध्ये बोलणं बरं दिसलं नसतं.

सांगलीला परतल्यावर पहिल्याच नाटकाला ते रिक्षाला पैसे देऊन आत आले, तर शैलाबाईंच्या शेजारच्या खुर्चीवर रुमाल होता.

"अगं, ही माझी जागा."

"त्याला विचारा," शैलाबाई पडद्याकडे बघत म्हणाल्या.

अनंतरावांनी वाकून, शक्य तितक्या अदबीने विचारलं. रुमाल हलला नाही. खुर्चीने डावा हात हळूच आत घेतला. तेव्हा ते मागच्या रांगेत, बरोबर रुमालाच्या मागे बसले आणि पडदा पडेपर्यंत त्यांनी डोळ्याला डोळा लागू दिला नाही. रुमालाला डुलकी लागली, तर ती त्यांना चुकवायची नव्हती.